डावीकडे वळणारी घोडी

बाबांना कोणाला नाही म्हणता येत नसे. लोक याला त्यांचा मोठेपणा म्हणत. मी घरातली असल्यामुळे मला तो आजार वाटायचा. या आजारापायी आमच्या वटार गावातल्या वाडीत कोणाची तरी मोडकी शिलाई मशीन, कोणाच्या तरी मांडवाचे बांबू आणि एक बोलका पोपट असं काय काय 'थोडे दिवस' म्हणून येऊन कायमचं राहिलं होतं. पोपट आमच्याकडे आल्यापासून एक अक्षर बोलला नव्हता. त्यामुळे नव्वदचं दशक संपता संपता एका सकाळी आमच्या फाटकात टेम्पो थांबला आणि त्यातून घोडी उतरली, तेव्हा मी ओट्यावरूनच विचारलं, "ही किती दिवसांसाठी?"

"आठवडाभर," बाबा म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले, म्हणजे कायमची.

घोडी बाबांच्या एका मित्राची होती. त्याला अर्नाळ्याच्या बाजूला समुद्राकाठी रिसॉर्ट काढायचं होतं आणि मुंबईहून येणाऱ्या पोरांना घोड्यावरून फिरवायचं होतं. रिसॉर्टची कुंपणाची भिंत झाली, घोडी आली, खोगीर आलं, आणि रिसॉर्ट मात्र आलं नाही. मित्र मुलाकडे नाशिकला निघून गेला. महिन्याभराने त्याचा फोन आला की आता घोडी तुझीच, ठेव नाहीतर विक. बाबांनी यालाही नाही म्हटलं नाही.

घरात आम्ही तिघंच. आई मी कॉलेजात असतानाच गेली होती. बाबा मुंबईतल्या नोकरीतून नुकतेच निवृत्त झाले होते आणि दिवसभर पेपर वाचत कोणावर तरी चिडायला बसलेले असायचे. आत्या त्यांची थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही, त्याऐवजी वाडी केली. केळी, पानवेली, नारळ, सगळं तिच्या हुकमात असे. आणि तिसरी मी, विरारच्या एका शाळेत गणित शिकवणारी आणि तिशीला टेकूनही लग्न न झालेली. यातली दुसरी गोष्ट गावाला पहिलीपेक्षा जास्त महत्त्वाची वाटायची.

घोडी तांबडी होती. कपाळावर पांढरा पट्टा, पुढचा एक पाय पांढरा. वयाने लहान, आणि तिच्या पाठीवर आजवर कोणी बसलेलं नव्हतं. हे शेवटचं बाबांच्या मित्राने सांगितलं नव्हतं. ते मला घोडीनेच सांगितलं. पहिल्याच रविवारी मी तिला केळीच्या खुंटाला बांधून, ओट्याची पायरी धरून, बाबांचं स्कूटरचं हेल्मेट घालून वर चढले. पुढचं मला एवढंच आठवतं की मी पाटाच्या पाण्यात बसले होते, केळीचं झाड आडवं झालं होतं आणि आत्या म्हणत होती, "केळफूल आलेलं ना गं त्याला."

माझ्याविषयी विचारायला ती विसरली असावी.

मी हट्टी आहे. शाळेत पोरं मला घाबरायची. वर्गात मी पाय ठेवला की पंखासुद्धा हळू फिरतोय असं वाटायचं. एका जनावराने मला पाटात बसवावं हे मला मानवणारं नव्हतं. मी दादरला रद्दीवाल्यांकडे तीन शनिवार हिंडले आणि घोडे शिकवण्यावरचं एक जुनं इंग्रजी पुस्तक मिळवलं. त्यात लिहिलं होतं की घोड्यावर बसायची घाई करू नये. आधी जमिनीवर उभं राहून त्याच्याशी ओळख करावी. त्याला लांब दोरीवर आपल्याभोवती गोल फिरवावं, कधी या बाजूने, कधी त्या बाजूने. तो मान खाली घालून तोंड चघळल्यासारखं करू लागला की समजावं, त्याने आपल्याला मानलं. मग दोरी सोडून चालायला लागावं, तो आपणहून मागे येतो.

गोल फिरवायला जागा हवी. आमच्या वाडीत सपाट आणि गोल अशी एकच जागा होती, ती म्हणजे विहिरीभोवतीची जुनी रहाटाची वाट. विजेचा पंप यायच्या आधी त्या वाटेवरून रेडा फिरायचा आणि रहाटाच्या पोहऱ्यांतून पाणी वर यायचं. पंप येऊन वीसेक वर्षं झाली होती, रहाट मोडून त्याचं लाकूड जळणात गेलं होतं, पण वाट तशीच होती, पायाखाली घट्ट. त्या वाटेवर आत्याचं लहानपण आणि तरुणपण दोन्ही गेलं होतं. रेड्यामागे चालायचं काम तिचं होतं. रेडा विकला त्या दिवशी ती जेवली नव्हती, असं बाबा सांगायचे.

मी घोडीला दोरी लावून त्या वाटेवर उभी केली आणि आत्या चूल सोडून बाहेर आली.

"सरक," ती म्हणाली. "मना ठावं हाय."

आत्याला नाही म्हणणं हे बाबांनाच काय, मलाही जमत नसे. ती घोडीच्या मागे जाऊन उभी राहिली आणि जीभ टाळ्याला लावून असा काही आवाज काढला की घोडीने कान मागे वळवले आणि चालायला लागली. एक फेरी झाली, दुसरी झाली. आत्या मागून चाललेली, पदर खोचलेला, चेहऱ्यावर असं काही की मला तिच्याकडे बघवेना, आणि नजरही काढवेना. मी पुस्तक उघडून मध्ये विहिरीच्या कठड्याशी उभी राहिले आणि म्हणाले, "आता दुसऱ्या बाजूने."

आत्या थांबली. "दुसऱ्या बाजूने म्हन्जे?"

"आत्ता ती डावीकडे वळत फिरतेय. आता उजवीकडे वळत फिरवायची."

"उलटी?" आत्या अशी ओरडली की नारळावरचा कावळा उडाला. "बावीभोवती उलटी फिरवतं काय कोन? बाव आटंल!"

मी तिला समजावलं की विहिरीला आता रहाट नाही, मोटर आहे, आणि मोटरला घोडी कुठून फिरते ते कळत नाही. बाबांनी पेपरातून डोकं काढून सांगितलं की देवळात प्रदक्षिणा उजवीकडे वळत घालतात, तेव्हा खरं म्हणजे आत्याचीच बाजू उलटी आहे. आत्या म्हणाली, "ती देवाला. ही पान्याला." यावर बाबांनी पुन्हा पेपरात डोकं घातलं.

तेव्हापासून घोडी रोज सकाळी रहाटाच्या वाटेवर फिरू लागली, एकाच बाजूने. मी शाळेतून आल्यावर गुपचूप उलटी फिरवायचा प्रयत्न करायची. पण आत्याला झोपेतही वाडीतलं सगळं ऐकू यायचं. मी घोडीचं तोंड फिरवलं रे फिरवलं की ओट्यावरून "उलटीऽऽ!" अशी आरोळी येई, घोडी थबके, वळे आणि डावीकडून चालू लागे. त्याबद्दल आत्या तिला पदरातून सुकेळं काढून देई. वाळवलेल्या केळ्याची आमच्याकडची ती मिठाई माणसांना सणासुदीला मिळते. घोडीला ती रोज मिळू लागली. असा अभ्यास माझ्या वर्गातल्या पोरांकडून कोणी करून घेतला असता तर सगळी बोर्डात आली असती.

पुस्तकात लिहिल्याप्रमाणे घोडी मान खाली घालून चघळायला मात्र दुसऱ्याच आठवड्यात लागली. मी आनंदाने वेडी झाले. "आत्या, तिने मला मानलं!" मी ओरडले. आत्या जवळ आली, तिने घोडीच्या जबड्यात सरळ हात घातला आणि आतून अर्धवट चावलेली विड्याची पानं बाहेर काढली. पानमळ्याचं कुंपण घोडीने आदल्या दिवशीच उघडायला शिकून घेतलं होतं. पानवेलीचा एक आख्खा वाफा तिने मला मानण्यात संपवला होता.

तरी एक गोष्ट खरी झाली, आणि ती पुस्तकामुळे झाली की सुकेळ्यामुळे हे मी आजही सांगू शकत नाही. एकदा मी दोरी खाली टाकून, पाठ वळवून, पंप बंद करायला गेले. परत वळले तर घोडी माझ्या मागे उभी. मी चार पावलं उजवीकडे गेले, ती आली. केळीमधून आडवीतिडवी गेले, आली. शाळेतून येताना माझी रिक्षा कोपऱ्यावर थांबली की तिचा आवाज ओळखून ती फाटकापाशी येऊन उभी राहायला लागली. दिवसभर पोरांवर ओरडून, स्टाफरूममध्ये 'यंदा तरी लाडू द्या' हे ऐकून, घरी येताना माझं डोकं तापलेलं असायचं. फाटकावरून ते लांबोडं तोंड दिसलं की ते उतरायचं. आपल्या येण्याची कोणी इतक्या उघडपणे वाट बघावी, हे मला आई गेल्यापासून मिळालं नव्हतं. मला घोडीचा लळा लागला होता, आणि हे मी कोणाजवळ कबूल करणार नव्हते, विशेषतः बाबांजवळ.

पावसाळा संपला आणि मी पुन्हा तिच्या पाठीवर बसले. या वेळी तिने मला पाडलं नाही. शांतपणे कान हलवत उभी राहिली. मी टाच लावली, ती चालली. लगाम डावीकडे घेतला, डावीकडे वळली. मी ओट्यावरच्या बाबांकडे असं बघितलं की जणू मी किल्ला सर केलाय. मग लगाम उजवीकडे घेतला. घोडीने मान उजवीकडे केली, माझ्या गुडघ्याकडे प्रेमाने बघितलं, आणि डावीकडे वळली.

पुढचे दोन महिने मी सगळे उपाय केले. लगाम ओढून बघितला, सैल सोडून बघितला. उजव्या बाजूला सुकेळं धरून बघितलं. तिने मान लांब करून सुकेळं घेतलं आणि पाय डावीकडे नेले. जमिनीवर उभी राहून मी हाक मारली तर हीच घोडी चारी दिशांना यायची. पण पाठीवर माणूस बसलं की तिच्या लेखी ती रहाटाला जुंपलेली असे, आणि रहाट उलटा फिरत नाही. आत्याला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "चांगलं शिकलंय की जनावर," आणि घोडीला आणखी एक सुकेळं दिलं.

मग शेजारच्यांच्या पानमळ्याचं प्रकरण झालं. घोडी त्यांचं कुंपण उघडून आत गेली, आणि तिथे तिने जे खाल्लं त्यापेक्षा जास्त तुडवलं. शेजारी भला माणूस, तो बाबांना काहीच बोलला नाही, फक्त आमच्या ओट्यावर येऊन बराच वेळ गप्प बसला. ते बाबांना फार लागलं. तो गेल्यावर ते मला म्हणाले, "ही घोडी आहे की शोभेची वस्तू? फाटकाबाहेर नेता येत नाही, कामाची नाही. मनवेलपाड्यात एक वरातीचे घोडे ठेवणारा आहे. तो रविवारी येतोय."

"मी शिकवतेय तिला," मी म्हणाले.

"वर्ष झालं शिकवतेस."

"अजून वेळ द्या."

बाबांना नाही म्हणता येत नसे, पण त्या दिवशी त्यांनी प्रयत्न केला. बराच वेळ चष्मा पुसून म्हणाले, "रविवारी तो यायच्या आत तिला आगाशीच्या बाजारापर्यंत ने आणि परत आण. जमलं तर राहील. नाहीतर तिला टेम्पोत चढवायची, आणि तू रडायचं नाहीस."

मी रडत नाही हे मी त्यांना ठणकावून सांगितलं, आणि मागच्या पडवीत जाऊन रडले. वरातीचे घोडे मी पाहिलेले होते. कानाशी बँड, अंगावर टिकल्यांची झूल, पुढे फटाके. आमची घोडी पोपटाच्या पंखांच्या फडफडीला दचकायची.

पण मी गणिताची शिक्षिका. रडून झाल्यावर मी विचार करायला बसले. घोडी उजवीकडे वळत नाही हे गृहीत धरायचं. तर मग आगाशीच्या बाजारापर्यंत असा रस्ता शोधायचा की ज्यात उजवं वळणच नाही. मी संध्याकाळी सायकलवरून गल्ल्या पालथ्या घातल्या. फाटकातून निघून सरळ, समोर बावखल, म्हणजे आमच्याकडचं ते वाडीकाठचं तळं, तिथे डावीकडे. पुढे क्रूसाच्या तिठ्यावर डावीकडे. मग सुकेळी वाळत घालणाऱ्या काकूंच्या घरापाशी डावीकडे. थोडा लांबचा पडतो, पण एकही उजवं वळण नाही! मला स्वतःच्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की मी आत्याला उठवून सांगितलं. आत्या म्हणाली, "बरं," आणि कूस बदलली.

रविवारी सकाळी मी हेल्मेट घालून निघाले. बाबा फाटकाशी उभे होते. घोडी अशी गेली की काय सांगू. डावीकडे, डावीकडे, डावीकडे, प्रत्येक वळणावर कान टवकारून. बाजारात मासळीवाल्या बायकांनी टोपल्या आवरल्या, एक जण म्हणाली, "अगं मास्तरीन बाय, लगीन करायचं सोडून घोड्यावर काय बसली?" मी तिला म्हटलं, "नवरा शोधायलाच निघालेय." बाजार हसला. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात उत्तम क्षण असावा. मी डावीकडे गोल वळसा घेऊन घोडीचं तोंड घराकडे केलं.

आणि तेव्हा, नववीला दिशा आणि कोन शिकवणाऱ्या माझ्या डोक्यात प्रकाश पडला की जाताना जे डावं वळण असतं, ते येताना उजवं असतं.

घाम फुटणे म्हणजे काय ते मला त्या हेल्मेटात कळलं. पण अजून एक मार्ग होता. उजवीकडे वळायचं नसेल तर सरळ पुढे जाऊन डावीकडे गोल घ्यायचा, तीन डावी वळणं झाली की तोंड उजवीकडे होतं. त्यासाठी जागा लागते इतकंच. पहिल्या वळणावर जागा होती, ती म्हणजे सुकेळीवाल्या काकूंचं अंगण. आम्ही अंगणात शिरलो. वाळवणासाठी अंथरलेल्या कारवीच्या काड्यांवर सोललेली केळी ओळीने मांडलेली होती. घोडीने हा आपला सत्कार आहे असं समजून घेतलं. काकू आतून काठी घेऊन धावत आल्या, वर मला बघून थांबल्या आणि म्हणाल्या, "बाय, तू? बस, चा टाकते."

"काकू, थांबता येत नाही," मी म्हणाले. हे खरं होतं, कारण आणखी थांबलं असतं तर घोडीला तिथून काढणं कठीण झालं असतं. तोंडात केळी भरून ती अखेर निघाली.

दुसरं वळण क्रूसाच्या तिठ्यावरचं. तिथे क्रूसाच्या चौथऱ्याभोवती मोकळी जागा आहे. क्रूस डाव्या हाताला ठेवून मागून वळसा घेतला की काम झालं. मी वळसा घेतला. पण गोल वाट, मध्ये दगडी बांधकाम, पायाखाली घट्ट माती. घोडीला वाटलं, कामाला लागायची वेळ झाली. एक फेरी झाली, ती थांबेना. दुसरी झाली. तेवढ्यात सकाळची मिस्सा सुटली आणि चांगल्या कपड्यांतली सगळी माणसं चर्चकडून तिठ्यावर आली. मी घोडीवर, डोक्यावर हेल्मेट, क्रूसाभोवती तिसरी फेरी घालत होते. माणसं आदराने बाजूला उभी राहिली. एका म्हाताऱ्या बाईने कपाळावर, छातीवर क्रूसाची खूण केली आणि शेजारणीला विचारलं, "नवस हाय काय गं हिचा?"

"हाय," शेजारीण म्हणाली. "लग्नाचा असंल."

चौथ्या फेरीत समोरून एक पाववाला सायकलची घंटी वाजवत आला, घोडी दचकून वाटेबाहेर झाली आणि सुदैवाने घराच्या बाजूला तोंड करून उभी राहिली. मी मागे वळून न बघता टाच मारली.

राहिलं बावखलाचं वळण. त्याचा मी विचारच केला नव्हता. डाव्या हाताला बावखल, समोर कोणाच्या तरी वाडीचं काटेरी कुंपण, आणि उजवीकडे आमची गल्ली. तिच्या दुसऱ्या टोकाला आमचं फाटक आणि फाटकापुढे टेम्पो. टेम्पो मला नुसती मान वळवली की दिसत होता. घोडीला तेवढं वळायचं होतं, बस. डावीकडून गोल घ्यायचा तर पाण्यातून घ्यावा लागणार होता.

मी लगाम उजवीकडे घेतला. घोडीने माझ्या गुडघ्याकडे बघितलं आणि डावीकडे पाऊल टाकलं. मी पुन्हा ओढला. तिने आणखी एक पाऊल डावीकडे टाकलं, पुढचे दोन्ही पाय पाण्यात घातले आणि पाणी प्यायला लागली. काठावर कपडे धुणाऱ्या बायका सल्ले देऊ लागल्या. एक म्हणाली शेपटी पिरगाळ, दुसरी म्हणाली कानात फुंकर मार. मी विनवलं. मी रागावले. वर्गात ज्या आवाजाने पंखा हळू व्हायचा त्या आवाजात मी तिला बोलले. ती पाणी पीत होती.

मग माझा तोल गेला, म्हणजे आधी मनाचा आणि मग खरोखरचा. मी उतरायला गेले ती गुडघाभर चिखलात. एक चप्पल तिथेच राहिली. मी बाहेर आले, हेल्मेट काढलं, लगाम तिच्या मानेवर टाकला आणि सगळ्या बायकांदेखत ओरडले, "जा! जा त्या वरातीवाल्याकडे! नाच बँडपुढे! एक उजवीकडे वळायला सांगितलं तुला वर्षभर, फक्त उजवीकडे! माझं या घरात कोणी ऐकत नाही, तुझ्याकडून काय अपेक्षा करायची!"

आणि पाठ फिरवून चालायला लागले. एका पायात चप्पल, एक पाय चिखलाचा, आणि मी हमसून हमसून रडत होते. कोणी बघतंय याची मला पर्वा नव्हती. हरले होते. समोर फाटकात बाबा होते, आत्या होती आणि हातात नवीन दोर घेऊन तो मनवेलपाड्याचा माणूस उभा होता. त्यांच्याशी काय बोलायचं हेही मला सुचत नव्हतं. म्हणायचं, बावखलात सोडून आलेय, जाऊन घेऊन या. आणि मग आत जाऊन दार लावून घ्यायचं.

मी फाटकाशी पोचले. आत्याने सवयीने पदरातून सुकेळं काढून हात पुढे केला. मला राग आला. ही काय मला सुकेळं देण्याची वेळ होती?

"मागे बघ," बाबा म्हणाले.

मी बघायच्या आधीच माझ्या पाठीला, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, ओलं गार काहीतरी टेकलं. आत्याने पुढे केलेल्या सुकेळ्याकडे घोडीने बघितलंसुद्धा नव्हतं. लगाम मानेवर तसाच लोंबत होता. चारी पाय चिखलाने भरले होते आणि तोंडातून बावखलाचं पाणी माझ्या कुर्त्यावर गळत होतं.

वरातीवाला बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग दोर गुंडाळत म्हणाला, "साहेब, घोडी एक नंबर हाय. पन आपल्या लाईनची नाय. उद्या नवरदेव वर बसंल आन ही ताईंच्या मागं मागं वटारला येईल. मंडपात मी काय सांगू?"

"पण नेऊन परत आणायची असं ठरलं होतं," बाबा म्हणाले. ते शब्दाला पक्के होते. "ही तर चालत आली."

"बसून आनायची, असं बोल्लेलास काय?" आत्या कडाडली. "ने आन परत आन, असं बोल्लेलास. नेली. परत आली. आता सरक वाटेतून, पाय धुवायचेत तिचे."

बाबा सरकले. वर्षभर त्यांनी घोडीला हात लावला नव्हता. त्या दिवशी ती जवळून जाताना त्यांनी तिच्या कपाळावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर तळवा ठेवला, जरा वेळ तसाच राहू दिला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बावखलापाशी उजवीकडे वळली ही."

मी रडता रडता थांबले. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी तिला तिथे टाकून चालू लागले तेव्हा ती पाण्यातून निघून, कोणी न सांगता, उजवीकडे वळून माझ्या मागे आली होती. मी तिच्या मानेत तोंड खुपसलं. तिला घामाचा, चिखलाचा आणि केळ्याचा वास येत होता. मी तिला सांगितलं की तू मला फार आवडतेस. बाबांसमोर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी मोठ्या आशेने खोगीर घातलं, फाटकाबाहेर तिच्यावर बसले आणि लगाम हळूच उजवीकडे घेतला. घोडीने माझ्या गुडघ्याकडे प्रेमाने बघितलं आणि डावीकडे वळली.

ओट्यावरून आत्या म्हणाली, "शाबास."

मी खाली उतरले, लगाम तिच्या मानेवर ठेवला, उजवीकडे वळले आणि चालायला लागले. मागे टापा वाजत होत्या. मी वळून बघितलं नाही.